परवान्याचं रिव्हॉल्वर आणि मुंबईतली गर्दी: कुठे नेता येतं, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. झवेरी बाजारात पेढी, राहायला विलेपार्ले, स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वरचा परवाना. पुढच्या काही महिन्यांत भाचीचं लग्न दादरच्या एका कार्यालयात, गणपतीत लालबागचं दर्शन, वानखेडेवर एक सामना आणि गोरेगावला दागिन्यांचं प्रदर्शन. ‘शर्टाच्या आत, कुणाला दिसणार नाही असं कमरेला लावून नेलं तर चालेल ना? माझा भाऊ टेक्सासला असतो, तो तर बाजारहाट करतानाही जवळ ठेवतो.’

चारही ठिकाणांसाठी माझं उत्तर ‘नेऊ नका’ असंच आहे. पण प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं आहे. ते समजलं नाही तर पाचव्या ठिकाणी घोटाळा होईल, म्हणून सविस्तर लिहितो. शस्त्र परवान्याची प्रकरणं मी बरीच वर्षं चालवतो आहे: कुणाचं नूतनीकरण अडलेलं, कुणाचा परवाना निलंबित, कुणाचं जप्त झालेलं हत्यार सोडवायचं. या लोकांत सराईत गुन्हेगार जवळपास नसतातच. व्यापारी, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी अशी माणसं असतात. परवाना हातात आला की हत्यार सगळीकडे सोबत नेता येतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते आणि तीच त्यांना नडते.

आधी झाकून नेण्याबद्दल. ‘दिसणार नाही असं’ यावर तुमचा भर आहे, जणू न दिसणं ही एक जादाची काळजी आहे. आपल्याकडे ती सक्ती आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम ३२ नुसार सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या, अंगाला बांधलेल्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा प्रत्यक्ष ताबा हवा. पेढी बंद करून रात्री घरी जाताना ते शर्टाखाली असतं तेव्हा तुम्ही नियम पाळत असता. उलट मूठ बाहेर दिसू देणं, बोलता बोलता शर्ट वर करून दाखवणं, लग्नात हातात धरून फोटो काढणं हा नियमभंग आहे. त्याच नियमात लग्न, सभा, जत्रा, मिरवणूक किंवा कुठल्याही सार्वजनिक कार्यक्रमात हत्यार परजायला आणि उडवायला सक्त मनाई आहे. म्हणजे झाकणं हे हत्यार कसं न्यायचं याचं उत्तर झालं. कुठे न्यायचं हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याचं उत्तर तुमच्या परवान्यावरच छापलेलं आहे. परवान्याच्या पुस्तिकेतल्या अटी फार थोडे लोक वाचतात. माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्यांदा ते पान उघडायला सांगतो आणि बहुतेकांनी ते तोवर उघडलेलं नसतं. नमुना ३ च्या परवान्यात अट आहे की परवान्यात लिहिलेल्या हेतूसाठीच, सद्भावनेने हत्यार बाळगायचं; आणि परवाना प्राधिकाऱ्याने खास अधिकार दिलेला नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर कुठल्याही सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. मुंबईत हा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त.

या एका वाक्यात मुंबईचं निम्मं वर्ष मावतं. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा, माहीमचा उरूस, दहीहंडी, गणपतीचं आगमन आणि विसर्जन, दसऱ्याला शिवाजी पार्कवरचा मेळावा, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारा समाज, जानेवारीतली मॅरेथॉन. कुठल्याही ठिकाणी वेगळी पाटी लावायची गरज नाही; तुमच्या खिशातल्या परवान्यानेच तुम्हाला अडवलेलं आहे. लालबागचा प्रश्न इथेच संपतो. नवसाची रांग असो की मुखदर्शनाची, तुम्ही जमावातच उभे असता. आणि रांगेत न जाता नुसतं चिंचपोकळी ते लालबाग रस्त्यावरून मिरवणुकीबरोबर चाललात तरी फरक पडत नाही.

शैक्षणिक संस्थेचं आवार हा भाग लोकांना कधी कळत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. शाळेत पिस्तूल घेऊन कोण जाईल, असं वाटतं. पण आपल्या शहरात मैदान आणि सभागृह म्हटलं की ते बऱ्याचदा शाळेचं किंवा कॉलेजचंच असतं. नवरात्रातला गरबा कॉलेजच्या मैदानावर. सोसायटीची सर्वसाधारण सभा समोरच्या शाळेच्या हॉलमध्ये. मुलाचं स्नेहसंमेलन शाळेच्याच प्रेक्षागृहात. कितीतरी लग्नाची कार्यालयंही शिक्षणसंस्थेच्या आवारात, त्याच फाटकातून आत जाऊन. पेढीवरून परस्पर मुलाला आणायला गेलात आणि गाडी फाटकाच्या आत घेतलीत की अट मोडली. शाळा त्या दिवशी बंद असली तरी अटीत सुट्टीची सवलत नाही. भाचीचं लग्न ज्या कार्यालयात आहे ते शाळेच्या आवारात आहे का, एवढं आधी बघा. तसं असेल तर तो विषय तिथेच मिटला.

तसं नसेल तर लग्न हा जरा वादाचा मुद्दा आहे. निमंत्रितांचा खासगी समारंभ हा सार्वजनिक जमाव ठरतो का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. पण वरात रस्त्यावर येते तेव्हा वाद उरत नाही. आणि दादरच्या कार्यालयात चारशे माणसांत अर्धी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, वाढपी, बँडवाले, सजावटवाले येत-जात असतात. अशा जागेला खासगी म्हणायचा युक्तिवाद मी पैसे घेऊनही आनंदाने करणार नाही. शिवाय लग्नात मिठ्या मारतात, पोरं अंगावर चढतात, आहेर द्यायला वाकावं लागतं. कमरेला भरलेलं रिव्हॉल्वर असताना पाच वर्षांच्या भाच्याला उचलून घ्यायचं, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आणखी एक कलम आलं आहे. समारंभात आनंदाने किंवा बेदरकारपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही झाडणार नाही हे मला माहीत आहे. पण ‘मामा, एकदा दाखवा ना’ म्हणणारा कुणीतरी तरुण प्रत्येक लग्नात असतो.

परवान्याच्या अटीवर मुंबईत आणखी एक थर चढतो, पोलिसांच्या मनाई आदेशाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सार्वजनिक शांततेसाठी आयुक्त ठरावीक काळापुरती शस्त्रं, बंदुका, तलवारी, चाकू, लाठ्या, थोडक्यात मारहाणीला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी घालू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे, मोठ्या नेत्यांचे दौरे अशा काळात हे आदेश निघतात. एकाची मुदत संपते तोवर दुसरा येतो. वर्तमानपत्रात ती दोन ओळींची बातमी असते आणि आपण पान उलटतो. या आदेशांतली सूट साधारणपणे कर्तव्यासाठी शस्त्र बाळगणाऱ्या सरकारी सेवकांना आणि साडेतीन फुटांपर्यंतची लाठी बाळगणाऱ्या चौकीदार, गुरखा, खासगी सुरक्षारक्षक यांना असते. आपल्याकडे परवाना आहे म्हणजे आपण आपोआप त्या सवलतीत बसतो, असं गृहीत धरू नका. आदेशाचा मूळ मजकूर वाचा, शंका असेल तर आपल्या पोलीस ठाण्यात विचारा. आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक भान ठेवा. दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय, मुलुंडच्या पुढे ठाणे, वाशीचा पूल ओलांडला की नवी मुंबई. प्रत्येकाचे आदेश वेगळे, तारखा वेगळ्या. तुमच्या परवान्याचं क्षेत्र मुंबईपुरतं आहे की पूर्ण महाराष्ट्र, हेही पुस्तिकेत लिहिलेलं असतं. क्षेत्र मुंबई असताना मीरा रोडच्या लग्नाला हत्यार घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं, लोकल तीच, शहर तेच.

आता वानखेडे. सुमारे तेहतीस हजार माणसं, फाटकावर झडती, आणि तिकिटाच्या अटींत शस्त्रच काय, पिशव्या आणि बाटल्यांवरही निर्बंध. इथे परवान्याच्या अटीबरोबर जागेच्या मालकाचा अधिकार येतो. मैदान, मॉल, चित्रपटगृह, हॉटेल, नाट्यगृह यांचे चालक हत्यारासह प्रवेश नाकारू शकतात आणि तुम्हाला त्यांच्याशी हक्काने भांडता येत नाही. २६/११ नंतर या शहरात मेटल डिटेक्टरशिवाय कुठल्याही मोठ्या हॉटेलात पाऊल टाकता येत नाही आणि ज्या शहराने ताज, ट्रायडंट आणि सीएसटी पाहिलं त्याने तसंच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण खरी अडचण त्या दारात सुरू होते. मला या साऱ्या उत्तरात सर्वांत जास्त तळमळीने काही सांगायचं असेल तर ते हे आहे. मेटल डिटेक्टर वाजतो. तुम्ही शांतपणे सांगता, ‘परवान्याचं आहे.’ मागे रांग थांबलेली. रक्षक म्हणतो, ‘साहेब, आत नेता येणार नाही. इथे काउंटरला ठेवा, टोकन देतो.’ तुम्हाला तो तोडगा वाटतो. तसा तो नाही. समोरचा माणूस हे हत्यार बाळगायला अधिकृत आहे याची खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणं हा शस्त्र कायद्याच्या कलम २९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्या रक्षकाकडे परवाना नाही. म्हणजे त्याने घेतलं तर तोही अडकला.

मग ड्रायव्हरला देऊ? तेच कलम. ड्रायव्हर वीस वर्षं घरचा असला तरी. परवानाधारकाचं हत्यार बिनपरवाना माणसाने बाळगण्याला कायद्यात जी मुभा आहे ती अगदी अरुंद आहे: दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी, आणि तेही त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने. ‘मी मॅच बघून येईपर्यंत सांभाळ’ हे त्यात बसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू? तुमचा प्रत्यक्ष ताबा संपला. त्यात हॉटेल असेल तर गाडीची किल्ली व्हॅलेच्या हातात जाते. म्हणजे ज्याचं नावही तुम्हाला माहीत नाही असा मुलगा तुमचं भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन तळघरात जातो. बायकोच्या पर्समध्ये? तिच्या नावाचा परवाना नसेल तर तीही त्याच कलमांत ओढली जाते. बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे? तो परवाना मागू शकतो, तो अधिकार त्याला कलम १९ देतं. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराने तुमचं हत्यार सांभाळावं अशी कुठलीही सोय नाही. पोलीस ठाण्यात हत्यार जमा होतं ते नोंद करून, पावती देऊन.

म्हणजे दारापर्यंत गेल्यावर कायद्यात बसणारा एकच मार्ग उरतो: मागे फिरून घरी जाणं. सामना सुरू होतोय, कुटुंब सोबत आहे, अशा वेळी किती जण मागे फिरतात? म्हणूनच निर्णय घरातून निघतानाच घ्यायचा असतो. आज मी कुठे कुठे जाणार आहे, त्यातलं एक जरी ठिकाण गर्दीचं, शाळेचं किंवा झडतीचं असेल तर हत्यार कपाटात, कुलपात. संध्याकाळचा बेत ऐन वेळी बदलला, मित्राने गरब्याला बोलावलं, तर आधी घरी जाऊन ठेवायचं, मग गरबा.

दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं हत्यार काय करू शकतं याचं याच शहरातलं एक उदाहरण आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडून हत्या झाली. पोलीस तपासात पुढे आलं की वापरलेलं पिस्तूल हल्लेखोराच्या खासगी अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. तुमच्या पेढीवरही कुणी बंदूकधारी रक्षक असेल तर त्याचा परवाना स्वतः वाचा. कुठल्या जिल्ह्याचा, क्षेत्र काय, हेतू काय लिहिला आहे, मुदत कधीपर्यंत. स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेल्या परवान्यावर दुसऱ्याच्या नोकरीत बंदूक घेऊन उभं राहणं प्रश्न ओढवून घेतं आणि तो प्रश्न मालकालाही विचारला जातो. त्याला बरोबर घेऊन लग्नाला जायचं म्हणाल तर तुमच्यावर जी बंधनं आहेत तीच त्याच्यावर आहेत.

‘शिक्षा काय होते?’ असंही तुम्ही विचारलं आहे. परवान्याची अट मोडल्याबद्दल शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा आकडा ऐकून लोक सैल होतात. पण खरा फटका त्याच कायद्याच्या कलम १७ चा असतो. अट मोडली किंवा सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली की प्राधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. अपिलाची तरतूद आहे, पण तोवर हत्यार जमा आणि तुम्ही खेटे घालत बसता. ज्या धोक्यासाठी परवाना घेतला तो धोका या काळात रजेवर जात नाही. आणि परवान्याची मुदत संपलेली असताना पकडले गेलात तर तो विषय अटीचा राहत नाही; बिनपरवाना हत्याराचा होतो, जिथे २०१९ नंतर दोन ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि पाच वर्षं ही तारीख विसरायला पुरेशी असतात. मुदतीच्या बरंच आधी अर्ज करा, पोच जपून ठेवा.

टेक्सासच्या भावाबद्दल. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते, हे खरं आहे. पण तिथेही शाळा, मतदान केंद्रं, न्यायालयं, व्यावसायिक आणि कॉलेजचे क्रीडा सामने, मुख्यतः दारूवर चालणारे बार इथे बंदी आहे. खासगी दुकानदाराला लपवलेली बंदूक आत नको असेल तर तो ठरावीक मजकुराची पाटी लावतो, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. परवानाधारकांना लागू असलेल्या त्या पाटीला तिथले लोक कलमाच्या आकड्यावरून ‘३०.०६ ची पाटी’ म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ च्या निकालात घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क मान्य केला, पण शाळा, विधिमंडळ, मतदान केंद्र, न्यायालय अशा संवेदनशील जागांची बंदी चालू शकते हेही सांगितलं. त्यानंतर न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअरसकट बऱ्याच गर्दीच्या जागा त्या यादीत घातल्या. मूळ फरक असा की तिथे तो संविधानातला हक्क आहे आणि बंदीची जागा सरकारला दाखवून द्यावी लागते. इथे तुम्हाला गरज सिद्ध करून मिळालेली मुभा आहे, आणि गर्दी त्या मुभेच्या बाहेर आहे. भावाची सवय इथे उपयोगाची नाही. तो सुट्टीत आला की त्याला तुमचं हत्यार हाताळायलाही देऊ नका.

निवडणुकीबद्दल वेगळं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते आणि काहींना हत्यार जमा करण्याचे आदेश निघतात. नोटीस आली तर मुदतीत जमा करा. जमा करणं पटत नसेल तर लेखी कारण देऊन मुदतीतच म्हणणं मांडा. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास हत्यार घेऊन जाणं हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३४ब खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, हत्यार सरकारजमा होऊ शकतं आणि परवाना आपोआप रद्द झाल्याचं मानलं जातं. मत देऊन परस्पर पेढीवर जायचं असेल तरी.

यावर तुम्ही म्हणाल, आणि बरेच जण म्हणतात, ‘गर्दीतच तर धोका असतो. हल्ला झाला तर?’ भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा, म्हणजे स्वतःचा बचाव करण्याचा हक्क आहे आणि तो गर्दीत संपत नाही. कलम ४४ तर असा प्रसंगच मांडतं: जमाव जिवावर उठला आहे, जमावात लहान मुलंही मिसळलेली आहेत आणि गोळी झाडल्याशिवाय जीव वाचवता येत नाही. अशा वेळी मुलांना इजा झाली तरी तो गुन्हा होत नाही. कायदा इतका स्पष्ट आहे. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवा. हल्ला खरा होता, दुसरा मार्ग नव्हता, हे नंतर न्यायालयात उभं करावं लागतं. आणि तेव्हा हत्यार तिथे होतंच का, हा पहिला प्रश्न येतो. दुसरी गोष्ट कायद्यापलीकडची आहे. गोळी समोरच्याच्या अंगात थांबेलच याची खात्री नसते. विसर्जनाच्या गर्दीत, ढोल आणि फटाक्यांच्या आवाजात, चहूबाजूंनी धक्के बसत असताना, वर्षातून एखाद्या वेळी सरावाला जाणारा माणूस अचूक नेम धरेल यावर माझा विश्वास नाही. त्याच गर्दीत मोबाइल आणि साखळ्या जातात. तिथे कमरेचं रिव्हॉल्वर गेलं तर ते कुणाच्या हातात पडेल? साध्या हाताळणीतही काय होऊ शकतं ते १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे दिसलं. अभिनेते गोविंदा जुहूच्या घरातून विमानतळाकडे निघण्याच्या तयारीत होते आणि त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी त्यांच्या पायात शिरली. ते घर होतं, गर्दी नव्हती.

विमानप्रवासाचं एका वाक्यात सांगतो: केबिनमध्ये काहीही नाही, चेक-इन सामानात नेता येतं ते रिकामं करून, कंपनीला आधी कळवून आणि काउंटरला जाहीर करून. आणि जी बॅग कधी होल्स्टरसाठी वापरली असेल ती प्रवासाला नेण्याआधी उलटी करून झटका. कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस एक्स-रेत दिसलं की विमान सुटतं आणि तुम्ही पोलीस ठाण्यात बसता. ते जाणीवपूर्वक बाळगलेलं नव्हतं हा बचाव कायद्यात मान्य आहे, पण तो मांडायला वकील आणि वेळ दोन्ही लागतात.

शेवटी गोरेगावचं प्रदर्शन, कारण तिथे तुमची गरज खरी आहे. माल सोबत असतो, रोख असते, आणि कुणी पाळत ठेवली असेल तर ती याच दिवशी. तरीही प्रदर्शनाचा हॉल हा लोकांना खुला जमाव आहे. इथे ज्या खास अधिकाराचा उल्लेख अटीत आहे तो मागता येतो: आयुक्तालयाकडे लेखी अर्ज, कार्यक्रम, तारखा, जागा, मालाचं स्वरूप आणि पूर्वी धमकी आली असल्यास तक्रारीची प्रत. अशी परवानगी सहज मिळत नाही आणि मिळाली तरी ती त्या कार्यक्रमापुरतीच असते. तोंडी ‘हो, घेऊन या’ कुणी म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही, मग ते आयोजक असोत की ओळखीचे अधिकारी. माझा सल्ला असा की त्यापेक्षा मालाची वाहतूक विमा आणि सशस्त्र रक्षक असलेल्या अधिकृत सेवेकडे द्या, माल आयोजकांच्या तिजोरीत रात्रभर ठेवायची सोय बुकिंग करतानाच लेखी घ्या, आणि जिवाला खरोखर धोका असेल तर पोलीस संरक्षणासाठी अर्ज करा. धोक्याची पडताळणी होऊन, लागू असेल तर शुल्क भरून ते मिळतं. त्यांचा माणूस हॉलमध्ये हत्यारासह उभा राहू शकतो, तुम्ही नाही.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुमचे दिवस असेच गर्दीत जाणार असतील आणि घरी पाहुण्यांची, मुलांची ये-जा असेल तर हत्यार तेवढा काळ जमाच करून टाका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. विक्रेता थोडे पैसे घेतो. पावतीवर हत्याराचा क्रमांक, ते बनवणारी कंपनी आणि काडतुसांची संख्या तुमच्यासमोर लिहून घ्या, परवान्याच्या झेरॉक्सला ती पावती टाचून ठेवा, आणि परत घेताना काडतुसं मोजून घ्या.